अटी मान्य

दर आठ मार्चला कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून फोन येतो, ‘बाई, यंदा कमला सोहोनींवर बोला ना.’ मी जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे हा विषय माझ्याच वाट्याला. मुलींना ऐकायचा असतो तो रामन यांचा भाग. तो मी चटकन उरकते. १९३३ साली बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत (सोहोनी हे लग्नानंतरचं आडनाव) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करतात, संचालक सी. व्ही. रामन मुलगी म्हणून नाकारतात, कमला थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहतात आणि प्रवेश मिळेपर्यंत हटत नाहीत. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले, हे वर.

मी रेंगाळते ती रामन यांनी प्रवेश देताना घातलेल्या अटींपाशी. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. मार्गदर्शक सांगतील तसं रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. या तिसऱ्या अटीला मुली हसतात. मला दुसरी आठवते. सत्तरीच्या दशकात मी एम.एस्सी. करत होते. सेंट्रिफ्यूजवर रात्रीचा नंबर लागला की मला वडिलांची चिठ्ठी आणावी लागे. बरोबरच्या मुलांना कुणी विचारत नसे. कमलाबाईंना रात्री थांबायची सक्ती, मला थांबायची चोरी.

त्या पुढे केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ साली पीएच.डी., प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. (माझा दोनशे दहा पानांचा. त्यातली दीडशे गाळली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.) मग दिल्ली, कुन्नूर आणि शेवटी मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं, आणि कडधान्यांवर.

ही कडधान्यं मला जवळची. आमच्याकडे बिरडं म्हणजे वालाचंच. आई वाल भिजवून मोड आणायची, कोमट पाण्यात टाकायची आणि आम्ही सगळ्याजणी परातीभोवती बसून सोलायचो. बोटाच्या चिमटीत दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर. तासाभराने बोटं सुरकुतायची, नखांत सालं अडकायची.

एम.एस्सी.त असताना वाचनालयात १९५६ सालचा एक शोधनिबंध हाती लागला. वाल आणि डबल बीन यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांचा. लेखकांत सोहोनी. कच्च्या वालातलं एक प्रथिन आतड्यातल्या ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या विकरालाच, अडवून धरतं. नीट शिजवलं की त्याचा जोर ओसरतो. मी धावत घरी येऊन आईला सगळं सांगितलं, कमलाबाई दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, हेसुद्धा.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. ‘पण कच्चे वाल खातंय कोण?’ म्हणाली, आणि परात माझ्याकडे सरकवली.