बग्सी सीगल: जुगारनगरीचा शिल्पकार?

१/५ लास व्हेगास म्हटले की बेंजामिन ‘बग्सी’ सीगल या गुंडाचे नाव निघते. ओसाड वाळवंटात त्याने एकट्याने जुगाराची नगरी वसवली, अशी आख्यायिका आहे. इतिहास वेगळे सांगतो.

२/५ नेवाडा राज्याने १९३१ मध्येच जुगार कायदेशीर केला होता. शहराबाहेरील महामार्गावर ‘एल रांचो व्हेगास’ हे जुगारगृहासह हॉटेल १९४१ मध्ये उभे राहिले होते.

३/५ ‘फ्लेमिंगो’ची कल्पनाही हॉलिवूडमधील प्रकाशक बिली विल्करसन याची. त्याचा पैसा संपला, तेव्हा टोळ्यांचे भांडवल घेऊन सीगल आला; आधी भागीदार झाला, मग धाकदपटशाने सर्वेसर्वा. खर्च सुमारे ६० लाख डॉलरवर गेला.

४/५ २६ डिसेंबर १९४६ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा निवासाच्या खोल्याच अपुऱ्या होत्या. काही आठवड्यांत टाळे लागले. मार्चमध्ये ते पुन्हा उघडले. २० जून १९४७ च्या रात्री बेव्हर्ली हिल्समध्ये खिडकीबाहेरून झाडलेल्या गोळ्यांनी सीगलचा अंत झाला. वय ४१. खुनी आजवर सापडलेला नाही.

५/५ गुन्हेगारीचा पैसा आलिशान हॉटेलात गुंतवून प्रतिष्ठित करता येतो, हे त्याने दाखवले. पुढे टोळ्यांनी तोच मार्ग धरला. कायदा राज्याचा, कल्पना विल्करसनची. आख्यायिका मात्र मारल्या गेलेल्याच्या वाट्याला आली.