कल्याणच्या खजिन्याचें चित्र

इ. स. १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें. त्या प्रसंगींची सुभेदाराच्या सुनेची कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. समकालीन कागदपत्रांत मात्र तिला आधार सांपडत नाहीं.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबुराव पेंटर यांनीं १९२३ सालीं हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढिला, आणि १९२४ सालीं ‘कल्याण खजिना’. बाबुराव मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. चित्रपटांच्या जाहिरातींसही त्यांचाच कुंचला लागला.

‘कल्याण खजिन्या’ची फीत आज उपलब्ध नाहीं. त्या काळची नायट्रेटची फीत ज्वालाग्राही, आणि खेळ संपल्यावर ती जपण्याची दृष्टीहि विरळा. उरली ती चार दिवस भिंतीवर टिकावी म्हणून काढलेली जाहिरात! भारतांतील उपलब्ध सचित्र चित्रपट-जाहिरातींत ती अत्यंत जुनी मानली जाते.

ही जाहिरात सुभेदाराच्या सुनेच्या कथेचा पुरावा नव्हे. परंतु महाराष्ट्रानें कल्याणची आठवण कोणत्या रूपानें जपली, याचा पुरावा ती खास आहे. म्हणून कल्याण-ठाण्याच्या जुन्या घरांतील माळे झाडतांना असा एखादा कागद सांपडल्यास तो रद्दींत न घालणें, हेंच शहाणपणाचें होय.