कार्यस्थळ-प्रशिक्षणाचे मूल्यमापन
कार्यस्थळ-प्रशिक्षणाचे मूल्यमापन : कामाच्या जागी दिलेल्या शिक्षणामुळे कर्मचाऱ्याच्या ज्ञानात, कौशल्यात व प्रत्यक्ष कामात कोणता फरक पडला, हे ठरविण्याची पद्धती. सार्वजनिक क्षेत्रातील तिच्या वाटचालीचा अभ्यास ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरात चांगला करता येतो. कारण येथे संरक्षण-साहित्याचे कारखाने, औद्योगिक वसाहती व नागरी स्वराज्य संस्था शेजारी शेजारी वाढल्या.

फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधमधील निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ येथे १९५३ मध्ये यंत्र-अवजारे बनविणारा ‘मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी’ हा शासकीय कारखाना निघाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात खाजगी कारखानदारी वाढली व कुशल कामगारांची मागणी तीव्र झाली.

पूर्वी कसब शिकण्याचा मार्ग म्हणजे जुन्या कारागिराच्या हाताखाली राहणे. शिकणारा तयार झाला की नाही, हे उस्तादच ठरवी. शिकाऊ उमेदवार अधिनियमाने (१९६१) या रीतीस कायदेशीर चौकट दिली : लेखी करार, ठराविक मुदत, विद्यावेतन आणि अखेरीस अखिल भारतीय पातळीवरील व्यवसाय-परीक्षा. उमेदवारास नोकरी देण्याचे सर्वसाधारण बंधन मात्र मालकावर नव्हते. त्यामुळे प्रमाणपत्र हेच अनेकांचे भांडवल ठरले आणि परीक्षेची विश्वसनीयता हा उपजीविकेचा प्रश्न बनला. कारखान्यातील कामगारालाही अर्धकुशल श्रेणीतून कुशल श्रेणीत जाण्यासाठी व्यवसाय-चाचणी द्यावी लागे.

संरक्षण-उत्पादनात मूल्यमापनाचे आणखी एक साधन उपलब्ध होते. तयार मालाची तपासणी करणारी यंत्रणा कारखान्याच्या व्यवस्थापनाहून वेगळी होती. साहजिकच नाकारलेले नग, वाया गेलेला धातू, अपघात यांच्या नोंदींवरून शिक्षणातील उणिवांचा अंदाज घेता येई. तथापि दोष नेहमी कामगाराच्या शिक्षणातच असतो असे नाही. जुने यंत्र किंवा सदोष कच्चा माल यांमुळेही नग नाकारला जातो. ही कारणे वेगळी न काढता केलेले मूल्यमापन कामगारावर अन्याय करते.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पर्यवेक्षकांसाठी ‘उद्योगांतर्गत प्रशिक्षण’ ही योजना आखण्यात आली. १९५० नंतरच्या दशकात ती भारतात आली. डॉनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रशिक्षणार्थींची प्रतिक्रिया, ज्ञानप्राप्ती, वर्तनातील बदल व अंतिम परिणाम. शासकीय संस्थांत पहिल्या दोन पायऱ्या सहज गाठल्या जातात. अभिप्रायाचा अर्ज भरून घेणे सोपे असते. सहा महिन्यांनी कामाच्या जागी जाऊन पाहणे कठीण असते.

नगरपालिका सेवकांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. मुंबईतील अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने (स्थापना १९२६) स्वच्छता-निरीक्षकांसाठी अभ्यासक्रम चालविले. परंतु निरीक्षकाच्या कामाचा नग मोजता येत नाही. गटार वेळेवर साफ होणे, तक्रारीचा निकाल लागणे, सफाई कामगारास इजा न होणे हीच येथील मोजमापे होत.

राष्ट्रीय प्रशिक्षण-धोरण (१९९६, सुधारित २०१२) व महाराष्ट्राचे राज्य प्रशिक्षण-धोरण (२०११) यांमुळे प्रशिक्षण हा शासकीय सेवेचा नियमित भाग मानला जाऊ लागला. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे कारखाने सात शासकीय कंपन्यांकडे गेले आणि अंबरनाथचे कारखानेही नव्या व्यवस्थेखाली आले. व्यवस्था बदलली, तरी मूळ प्रश्न कायम आहे. किती जण शिकले, याची नोंद हजेरीपटावरून मिळते. काय शिकले, याचे उत्तर मात्र कामाच्या जागीच शोधावे लागते.