खाटीक पक्षी नाकतोड्याला काट्यावर का टोचून ठेवतो?

पालघर, बोईसर किंवा तारापूरच्या आसपास भातकापणी झाली की शेताच्या बांधावरच्या बाभळी जरा निरखून बघा. एखाद्या काट्यावर अख्खा नाकतोडा किंवा छोटा सरडा टोचलेला दिसू शकतो. ही कुणा पोराची खोडी नाही, खाटीक पक्ष्याचं काम आहे.

आपल्याकडे दिसतो तो लांब शेपटीचा खाटीक. राखाडी डोकं, डोळ्यांवर काळी पट्टी, तांबूस पाठ. त्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव 'लॅनियस', आणि लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ खाटीकच! चोच शिकऱ्यासारखी बाकदार असते, पण पायांत शिकऱ्याची ताकद नसते. त्यामुळे भक्ष्य धरून फाडायला त्याला काटा लागतो. पोट भरलेलं असेल तर उरलेलं तिथेच लटकत राहतं, नंतरसाठी.

हा साठा फक्त पोटासाठीच असतो असंही नाही. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या खाटकांवर रूवेन योसेफ आणि बेरी पिनशो यांचा अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या नरांचा साठा मोठा, त्यांना माद्यांची पसंती जास्त, असं त्यात दिसलं. अमेरिकेतला खाटीक तर एक विषारी नाकतोडा टोचून एक-दोन दिवस तसाच ठेवतो आणि विष उतरल्यावर खातो.

कावळा आणि टकाचोरही अन्न लपवतात. कौलाच्या फटीत पोळीचा तुकडा खुपसून वर पान ठेवणारा कावळा तुम्हीही पाहिला असेल. थंड प्रदेशातले काही पक्षी अख्ख्या हिवाळ्यासाठी हजारो बिया पुरून ठेवतात. आपल्या दमट किनाऱ्यावर पोळी किंवा मांस तेवढं टिकणार कसं? इथला साठा थोड्या वेळापुरताच.

मग अन्न कधी नासतं हे पक्ष्याला कळतं का? निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी 1998 मध्ये कावळ्याच्याच कुळातल्या स्क्रब-जे पक्ष्यांवरचा प्रयोग मांडला. त्यांना अळ्या आणि शेंगदाणे लपवू दिले. चार तासांनी सोडल्यावर ते आवडत्या अळ्यांकडे गेले. पाच दिवसांनी मात्र अळ्या सडल्या असणार हे आधी अनुभवलेल्या पक्ष्यांनी थेट शेंगदाणे गाठले. म्हणजे काय, कुठे आणि कधी लपवलं, तिन्ही लक्षात होतं. लपवताना दुसरा पक्षी बघत होता, तर नंतर एकटं असताना ते जागाही बदलतात. विशेषतः ज्यांनी स्वतः कधी चोरी केली आहे ते!

खाटकाची अडचण वेगळी आहे. त्याचं कोठार उघड्यावर असतं आणि ते काटेरी झाडावर अवलंबून असतं. बांधावरची बाभूळ तोडून तिथे सिमेंटची भिंत आली, तर टोचायला जागाच उरत नाही. काटेरी तार त्याला चालते, परदेशातले खाटीक ती सर्रास वापरतात. पण बाभळीवर तो घरटंही बांधतो. तारेवर ते कसं बांधणार?