क्योतोच्या तांदळावरची बुरशी

१७. पेनिसिलियम सिट्रिनम ही निळसर-हिरवी बुरशी. सांक्यो या जपानी औषध कंपनीतले जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एन्दो (१९३३–२०२४) यांना सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासल्यावर १९७३ मध्ये हिच्यात कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन सापडले. स्टॅटिन ज्यावर दिले जाते त्या धमनीकाठिण्यात रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तराखाली झिरपते. ते गिळून तिथल्या पांढऱ्या पेशी फुगतात, वर तंतूंचे कवच चढते. हे तरुणपणीच सुरू होते आणि वर्षानुवर्षे कळत नाही. हृदयविकाराचा झटका बहुधा धमनी हळूहळू बुजून येत नाही. कवच फाटते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल घडवणारे एक विकर रोखते. मग यकृत रक्तातले एलडीएल जास्त ओढून घेते. दीर्घ उपचाराने कवचही बळकट होते. कॉम्पॅक्टिन बाजारात आलेच नाही. अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली ती दुसऱ्या एका बुरशीतल्या लोव्हास्टॅटिनला. असंख्य जीव वाचवणाऱ्या या औषधवर्गाच्या जनकाला नोबेल मिळाले नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. लास्कर पुरस्कार मिळाला, तोही २००८ मध्ये. – संपा.