गळतीशोधन, कंपनाधारित

भूमिगत नळातील पाणी दाबाखाली फटीतून बाहेर पडताना नळाच्या भिंतीत आणि आतल्या पाण्यात थरथर उठते. ती संवेदकांनी टिपून गळतीची जागा ठरवण्याची ही पद्धत. प्रस्तुत नोंद मुख्यतः पुण्याच्या पूर्वेकडील मांजरी बुद्रुक आणि लगतच्या भागाच्या संदर्भात आहे.

कार्यपद्धती : लोहचुंबकाचा तळ असलेला संवेदक चेंबरमधील व्हॉल्व्हवर बसवतात. एकाच संवेदकावरून गळती आहे एवढेच कळते; जागा सांगण्यासाठी दोन लागतात. थरथर जवळच्या संवेदकाला आधी व लांबच्याला नंतर पोहोचते, आणि या फरकावरून अंतर निघते. समजा, दोन व्हॉल्व्हमध्ये 120 मीटर बिडाची लाइन आहे व तीतून थरथर सेकंदाला 1,200 मीटर वेगाने जाते. फरक 0.04 सेकंदांचा आला, तर त्या अवधीतले 48 मीटर 120 मधून वजा करून उरलेल्याचे निम्मे करायचे : जवळच्या व्हॉल्व्हपासून 36 मीटर. आता तीच लाइन प्रत्यक्षात प्लास्टिकची निघाली आणि वेग 400 मीटरच असला, तर उत्तर 52 मीटर येते. नकाशावर नळाचा प्रकार चुकीचा लिहिलेला असेल, तर खड्डा 16 मीटर बाजूला पडतो. म्हणून कोणती लाइन कशाची, ही नोंद संवेदकाइतकीच मोलाची आहे. ग्रामपंचायतीच्या काळात टाकलेल्या जुन्या लाइनींबाबत ती आधी पक्की करून घ्यावी लागते. प्लास्टिकमध्ये थरथर लवकर विरते, त्यामुळे संवेदक अधिक जवळ बसवावे लागतात. लोखंडी नळांच्या रबरी सांध्यांतही ती मंदावते.

पूर्वपीठिका : व्हॉल्व्हवर पहार टेकवून तिला कान लावणे ही जुनी रीत. दोन संवेदकांची यंत्रे 1970च्या दशकात ब्रिटनमध्ये विकसित झाली.

मांजरीतील परिस्थिती : मांजरी बुद्रुकसह 23 गावे 30 जून 2021 रोजी पुणे महानगरपालिकेत आली. शहराच्या समान पाणीपुरवठा योजनेची (82 टाक्या, 141 विभाग) मूळ आखणी त्यापूर्वीची आहे. शहरात गळती व अनधिकृत वापर मिळून 40 टक्क्यांपर्यंत पाणी हिशेबाबाहेर राहते, असे वारंवार सांगितले जाते. मात्र सर्वत्र मीटर नसताना काढलेला हा अंदाज आहे. केंद्र सरकारच्या 2008च्या सेवा मानकांनुसार हे प्रमाण 20 टक्क्यांवर आणणे अपेक्षित आहे.

या पद्धतीला सर्वांत अनुकूल वेळ रात्री दोन ते चार. घरातले नळ बंद, दाब चढलेला, रस्ता शांत. पाणी ठरावीक तासच सोडले जात असेल, तर रात्री लाइन रिकामी असते, आणि रिकाम्या लाइनीत गळतीला आवाज नसतो. चावी फिरवल्यावर आधी हवा निघते. दाब येतो तेव्हा सगळीकडे पाणी भरणे सुरू झालेले असते. गृहसंकुलांचे पंप, बोअर, पुणे–दौंड लोहमार्गावरील गाड्या हे आवाजही त्यात मिसळतात. मोटारीची घरघर ठरावीक पट्टीत, 50 हर्ट्झ व तिच्या पटीत येते. गळतीचा आवाज रुंद पट्ट्यात पसरलेला असतो, त्यामुळे मोटार वेगळी काढता येते. नळातून पाणी घेण्याचा आवाज मात्र गळतीसारखाच असतो. यास्तव नवी यंत्रे घेण्याआधी मोजक्या विभागांत आठवड्यातून एक रात्र दाब टिकवणे अधिक फलदायी ठरेल. टँकरवर विसंबलेल्या भागात त्यासाठी पाणी राखणे सोपे नाही, हे खरे. पण त्याविना शोध अडतो.

पृष्ठभागावरील ओल येथे भरवशाची खूण नाही. बेबी कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले पाणी यांनीही जमीन भिजते, आणि काळ्या मातीत ओल मूळ जागेपासून लांब सरकते. साचलेल्या पाण्याची ओटी चाचणी घेतात : पिवळा रंग आल्यास त्यात क्लोरिन आहे, म्हणजे ते बहुधा नळाचे पाणी.

गळतीची नेहमीची ठिकाणे : फेरूल (मुख्य लाइनीतून घरजोडणी निघते तो भाग), सांधे, व्हॉल्व्हचे पॅकिंग.

आरोग्य : पाणी बंद असताना गळतीच्याच फटीतून गटाराचे पाणी नळात शिरू शकते. गटारालगतच्या लाइनी तपासणीत अग्रक्रमाने घ्याव्यात.