वैमानिकाचा तास

वैमानिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. कडक इस्त्रीचा गणवेश, बाहीवर सोनेरी पट्टे, आणि महिनाअखेर खिशात भरघोस पगार. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. अमेरिकेत दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत असे हजारो वैमानिक होते, की ज्यांच्या अंगावर हाच गणवेश होता, ज्यांच्या पाठीमागे पन्नास-साठ उतारू निर्धास्तपणे बसत होते, आणि तरीही नोकरीच्या पहिल्या वर्षी घरभाडे भागवताना ज्यांच्या नाकी नऊ येत होते. मोठ्या शहरांतून लहान गावांकडे विमाने नेणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांचे हे नोकर. त्यांची हकीकत वरवर पाहता पगाराची आहे. पण थोडे खोल गेले की तिच्या तळाशी एक जुनाच प्रश्न सापडतो. माणसाच्या कामाचा तास कोणता धरायचा, आणि तो कोणी मोजायचा?

प्रथम ही मोजणी समजून घेऊ. आपण टॅक्सीत बसलो की ड्रायव्हर मीटर टाकतो, आणि उतरलो की ते बंद करतो. वैमानिकाच्या पगाराचे मीटर साधारण असेच असते. दारे बंद होऊन विमान जागेवरून हलले की ते सुरू होते, आणि मुक्कामाला विमान जागेवर लागले की थांबते. त्याआधी तासभर येऊन हवामान पाहायचे, इंधनाचा हिशेब करायचा, विमानाभोवती फिरून ते तपासायचे, हे सारे काम मीटरच्या बाहेरचे. दोन उड्डाणांमधला खोळंबाही बाहेरचाच. आता ज्याला न्यूयॉर्कहून लंडनला जायचे आहे, त्याचे मीटर एकदा पडले की सात तास चालते. पण दिवसाकाठी पाच लहान गावे करणाऱ्याचे मीटर पन्नास मिनिटे चालते आणि दीड तास थांबते. असा माणूस पहाटे पाचला कामावर येतो, संध्याकाळी चार-साडेचारला सुटतो, आणि पदरात पडते ती जेमतेम चार तासांची मजुरी!

२००० नंतरच्या पहिल्या दशकात प्रादेशिक कंपनीतल्या नव्या सहवैमानिकाला ताशी वीस-पंचवीस डॉलर मिळत. महिन्याला साधारण ७५ तासांची हमी असे. ताशी २१ डॉलर धरून हिशेब करून पाहा. वर्षाचे झाले ९०० तास, आणि रक्कम झाली १८,९०० डॉलर. जेवणखाणाचा किरकोळ भत्ता निराळा. उलट विमान चालवायला शिकताना काढलेले कर्ज पुष्कळदा याच्या कितीतरी पट असे.

वैमानिकाची ही मोजणी कोणा एकाने बसून ठरवलेली नाही. तिच्यामागे भांडणाचा इतिहास आहे. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत टपाल वाहून नेणाऱ्या वैमानिकांना मूळ पगार मिळे आणि त्यावर मैलागणिक पैसे मिळत. पुढे मंदी आली आणि मालकांनी पगाराला कात्री लावायला सुरुवात केली. तेव्हा १९३१ च्या जुलै महिन्यात शिकागो येथे डेव्हिड बेन्के नावाच्या वैमानिकाच्या पुढाकाराने वैमानिकांची संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिची परीक्षा झाली. एरेट कॉर्ड या उद्योगपतीची सेंच्युरी एअरलाइन्स ही कंपनी शिकागोच्या आसपासच्या शहरांमध्ये जवळच्या पल्ल्याची विमाने चालवीत असे. आजच्या भाषेत ती प्रादेशिक कंपनीच म्हणायची. फेब्रुवारी १९३२ मध्ये कॉर्ड यांनी वैमानिकांचे पगार एकदम निम्म्याहून खाली आणले. विमाने चालवायला माणसे पुष्कळ पडली आहेत, असा त्यांचा होरा होता. वैमानिकांनी नकार दिला, तेव्हा त्यांना दार बंद झाले. त्यांच्या बाजूने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आवाज उठवला तो फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी. पुढे न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष म्हणून गाजले तेच हे गृहस्थ. पहिल्या महायुद्धात ते स्वतः वैमानिक होते. कॉर्ड यांना सरकारी टपालाचे कंत्राट हवे होते, ते हाती लागले नाही. काही आठवड्यांतच कंपनी विकली गेली.

पण खरी लढाई पुढे होती. १९३३ मध्ये बोइंग २४७ सारखी वेगवान विमाने आली. मैलागणिक पैसे द्यायचे, तर जलद विमानाच्या वैमानिकाची मिळकत आपोआप वाढणार. म्हणून मालक म्हणू लागले की आता मैल नकोत, तास मोजा. वैमानिकांनी विचारले, आम्ही त्याच तासात अधिक उतारू अधिक दूर नेणार आणि त्याचा सगळा लाभ तुम्ही घेणार, हा कुठला न्याय? १९३४ च्या मे महिन्यात राष्ट्रीय श्रम मंडळाने यावर निकाल दिला. ‘निर्णय क्रमांक ८३’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. मूळ पगार, विमानाच्या वेगाप्रमाणे वाढणारा तासाचा दर आणि मैलांचा मोबदला, असा तिहेरी हिशेब त्याने घालून दिला, आणि महिन्याला ८५ तासांहून अधिक उड्डाण नको, अशी मर्यादाही घातली. १९३८ च्या विमानवाहतूक कायद्याने हा निकाल किमान वेतनाचा पाया म्हणून स्वीकारला. यंत्राने जो वेळ वाचतो, त्यात यंत्र चालवणाऱ्याचाही वाटा आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले. वैमानिकाची जी ऐट आपण सिनेमात पाहतो, तिचे मूळ या निकालात आहे.

मग हे सगळं असताना प्रादेशिक वैमानिक मागे कसा राहिला?

त्याचे उत्तर १९७८ मध्ये आहे. त्या वर्षापर्यंत अमेरिकेत कोणत्या कंपनीने कुठून कुठे जायचे आणि किती भाडे घ्यायचे, हे सरकारी मंडळ ठरवीत असे. ऑक्टोबर १९७८ च्या कायद्याने हे नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवले. भाडी उतरली, सामान्य माणूस विमानात बसू लागला, हे मान्य केलेच पाहिजे. पण मोठ्या कंपन्यांना लहान गावे परवडेनात. त्यासाठी एक तोड आधीच निघालेली होती. १९६७ मध्ये अ‍ॅलेगेनी एअरलाइन्सने मेरीलँडमधील हेगर्सटाउन या गावची सेवा हेन्सन नावाच्या लहान कंपनीकडे सोपवली होती. नाव अ‍ॅलेगेनीचे, विमान आणि माणसे हेन्सनची! १९८० नंतर हीच पद्धत देशभर पसरली. तिकिटावर मोठ्या कंपनीचे नाव, विमानाच्या शेपटीवर तिचाच रंग, आणि वैमानिक मात्र उतारूंनी कधी नावही न ऐकलेल्या कंपनीचा. २००० नंतरच्या दशकाअखेर देशांतर्गत उड्डाणांपैकी सुमारे निम्मी उड्डाणे अशी होती. मोठी कंपनी बहुधा दर उड्डाणामागे ठरावीक रक्कम देई, तिकिटे आपण विके आणि पुष्कळदा इंधनाचा खर्चही आपण उचले. मग कंत्राट मिळवण्यासाठी लहान कंपनीने कपात करायची ती कशात? उरला होता तो माणसांचा पगार.

यात वैमानिकांचीही एक बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नाही. मोठ्या कंपन्यांतील ज्येष्ठ वैमानिकांनी आपल्या करारांत अशी कलमे घालून घेतली, की प्रादेशिक कंपनीने ठरावीक आसनांहून मोठे विमान चालवू नये. आधी ५० आसने, पुढे ७६. आपले काम स्वस्त माणसाकडे जाऊ नये, हा हेतू रास्त होता. पण त्यामुळे एकाच धंद्यात दोन पंगती पडल्या. त्यात पुन्हा ज्येष्ठतेचा नियम. वैमानिकाला मार्ग, सुट्टी, तळ, सारे काही ज्येष्ठतायादीतल्या क्रमांकाप्रमाणे मिळते, आणि कंपनी बदलली की तो क्रमांक पुन्हा तळाला जातो. दहा वर्षांचा अनुभवी माणूस दुसरीकडे गेला की काल आलेल्या पोराच्याही खाली! त्यामुळे नोकरी सोडवत नाही आणि ती धरून राहणेही जड जाते. नवा माणूस तर ‘राखीव’ म्हणून बसलेला असतो. फोन वाजला की दोन-तीन तासांत हजर. दिवाळी असो की नाताळ, मुलाचा वाढदिवस असो की बायकोचे आजारपण, त्याचे वेळापत्रक त्याच्या हातात नसते.

कंपनीचा तळ असतो न्यूयॉर्कजवळ. तिथली घरभाडी या पगारात झेपत नाहीत. मग वैमानिक राहतो आईवडिलांच्या गावी, हजार-दीड हजार मैलांवर, आणि कामावर येण्यासाठी दुसऱ्याच्या विमानात रिकामी जागा शोधतो. तळाजवळ आठ-दहा जणांनी मिळून एखादी खोली घ्यायची आणि आळीपाळीने तिथल्या खाटांवर पाठ टेकायची. ज्याला तेही परवडत नाही तो विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत खुर्चीवर रात्र काढतो. कायद्याच्या दृष्टीने ही सारी ‘विश्रांती’च. ड्यूटी सुरू झालेली नाही ना!

या विश्रांतीचा हिशेब जगापुढे आला तो १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री. न्यूअर्कहून बफेलोला निघालेले ३४०७ क्रमांकाचे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातले सर्वच्या सर्व ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जीव गेले. तिकिटावर नाव होते कॉन्टिनेंटलचे. विमान चालवीत होती कोलगन एअर ही प्रादेशिक कंपनी. चौकशीत कळले की सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअ‍ॅटलहून निघून, वाटेत विमान बदलून, सकाळी न्यूअर्कला पोचली होती. तिला सर्दी झाली होती. आजारी म्हणून रजा घ्यावी तर हॉटेलचा खर्च आपल्याच माथी बसेल, असे ती बोलून गेल्याचे ध्वनिमुद्रणात सापडले. सुनावणीत तिचा पगार वर्षाला सोळा हजार डॉलरांच्या आसपास सांगण्यात आला. कंपनीने मागाहून याहून मोठा आकडा दिला. मुख्य वैमानिक फ्लोरिडाहून येजा करणारा. आदली रात्र त्याने कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढलेली. आणि ही दोघे काही जगावेगळी नव्हती. न्यूअर्कच्या तळावरील कंपनीच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण बाहेरगावाहून येणारे होते.

येथे एक गोष्ट काळजीपूर्वक सांगितली पाहिजे. चौकशी मंडळाने २०१० मध्ये अपघाताचे कारण म्हणून थकव्याचे नाव घेतले नाही. विमानाचा वेग घटल्याची सूचना मिळाल्यावर मुख्य वैमानिकाने नेमकी उलटी हालचाल केली, हे मुख्य कारण ठरले. थकव्याचा परिणाम बहुधा झाला असावा, पण तो किती, हे ठरवता येत नाही, असे मंडळाने नमूद केले. मंडळाच्या अध्यक्षा डेबोरा हर्समन यांचे मत मात्र निराळे होते. थकवा कारणांत धरायला हवा होता, असे त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवले.

मृतांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. ते वॉशिंग्टनच्या खेपा घालत राहिले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये नवा कायदा झाला. त्यातून दोन नियम निघाले. पहिला, सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव हवा. पूर्वी २५० तासांवर काम भागे. दुसरा, जानेवारी २०१४ पासून कामावर येण्यापूर्वी सलग १० तास विश्रांती, आणि त्यात ८ तास झोपेला सवड. शिवाय दिवसाची मर्यादा ठरवताना कामावर येण्याची वेळ आणि उड्डाणांची संख्या पाहायची. पाच गावे करणाऱ्याचा दिवस एक गाव करणाऱ्याहून लवकर संपला पाहिजे, हे शेवटी कायद्याला पटले. माल वाहणाऱ्या वैमानिकांना मात्र या नियमातून वगळले.

गंमत अशी की १,५०० तासांच्या नियमावर आजही वाद आहे, कारण त्या विमानातल्या दोघांचाही अनुभव त्याहून अधिक होता. पण या नियमाने एक भलतेच काम केले. वैमानिक दुर्मिळ झाले. ग्रेट लेक्स नावाच्या कंपनीने तर आपल्या १९ आसनांच्या विमानांतली १० आसने काढून टाकली, कारण ९ आसनांच्या विमानाला तो नियम लागू नव्हता! तरीही मार्च २०१८ मध्ये तिला आपली सेवा थांबवावी लागली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या लहान गावांची गैरसोय झाली. मग करोनाच्या साथीनंतर टंचाई आणखी वाढली, आणि जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला ताशी ९० डॉलर जाहीर केले. त्यातला काही भाग तात्पुरता होता, तरी पूर्वीच्या चौपट! जे विनंत्यांनी साधले नाही ते टंचाईने साधले. उद्या माणसे पुन्हा मुबलक झाली, तर १९३२ चा कॉर्ड पुन्हा उभा राहणारच नाही असे नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात आला आहे. भारतात २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्री विमान उतरवण्याच्या खेपा कमी केल्या. त्यांचा दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला, आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर लोक सामानावर डोके टेकून बसले. नव्या नियमांना पुरेल अशी माणसांची तजवीज झालेली नव्हती. शेवटी नियमांनाच काही काळ ढील द्यावी लागली. उतारू चिडले, ते साहजिक आहे. पण त्या दिवसांत विमानतळावर जी गर्दी तिष्ठत होती, तिच्याच जिवासाठी हे नियम केले होते, हे फारच थोड्यांच्या ध्यानात आले.

वाचकहो, स्वस्त तिकीट कोणाला नको असते? ते मिळावे, यात वाईट काही नाही. मात्र ते कशातून स्वस्त झाले, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. इंधनाच्या बचतीतून झाले असेल तर उत्तम. कोणाच्या झोपेतून झाले असेल, तर त्याची किंमत कधी ना कधी आपल्यालाच मोजावी लागते. १९३४ च्या त्या निकालाने उड्डाणाचे तास मोजले. झोपेचे तास नीट मोजायला मात्र आणखी ८० वर्षे जावी लागली, आणि त्यासाठी पन्नास माणसांचे प्राण खर्ची पडले.